घर बांधताना सैपाक कुठं?



उन्हाळा लागला की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात दोन कामं हमखास दिसतात. शेतात नांगरटी आणि गावात बांधकामं. कापूस विकून झालेला असतो, तूर घरात आलेली असते आणि पावसाला दोन-तीन महिने अवकाश असतो. कोणाच्या घरकुलाचा पहिला हप्ता पडलेला असतो, कोणी कवेलू उतरवून टिनं टाकतं, कोणी मागच्या पावसात बसलेली भिंत पक्की करून घेतं. गल्लीत रेतीचा ढीग दिसला की आपण विचारतो, "काय मावशी, घर काढलं वाटते?" मावशी हसून म्हणते, "हो ना बाई, निघालं एकदाचं."

पण मावशीला पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. "मंग सैपाक कुठं करता?"

आजचं बोलणं याच प्रश्नावर आहे. गटाच्या बैठकीत हप्ता कधी येईल, सिमेंट कितीला मिळतं, मिस्त्री किती घेतो यावर आपण तासभर बोलतो. जुनं घर पाडताना सगळ्यात आधी चूल जाते आणि नव्या घरात सगळ्यात शेवटी ओटा येतो. मधले चार-सहा महिने घरातल्या बाईनं कसे काढायचे, त्याचा हिशेब कोणत्याच कागदावर नसतो.

मी गटांना हिशेब लिहायला शिकवते. तरी मागच्या उन्हाळ्यात आमच्या घराचं काम निघालं तेव्हा माझीच फजिती झाली. पहिले पंधरा दिवस "आज राहू दे, बाहेरून आणू" असंच चाललं. समोसे, आलुबोंडे, पाव, बिस्किटं, चहा. पंधराव्या दिवशी वही उघडली तर हा खर्च २,८०० रुपयांच्या वर गेलेला. सिमेंटच्या सात पोत्यांचे पैसे आम्ही तेलकट कागदात बांधून आणले होते. वरून सासूबाईंचं पोट बिघडलं, ते वेगळंच. त्या दिवशी मी तीन दगड मांडले आणि मग जे शिकले, ते तुम्हाला सांगते.

काम लांबतं, हे धरून चला

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण ही २०१६ साली सुरू झाली. सपाट भागासाठी तिचं मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये आहे, आणि आपल्याच घराच्या कामावर रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. राज्य सरकारची भर वेळोवेळी वेगळी पडते, ती ग्रामपंचायतीत विचारून घ्या. आपल्या जिल्ह्यातल्या कोलाम पोडांवर पीएम-जनमन योजनेतून घरं होत आहेत. ती योजना नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात घरासाठी २ लाख रुपये आहेत.

हे पैसे एकदम हातात येत नाहीत. पायवा, भिंती, छत असे टप्पे होतात, प्रत्येक टप्प्याचा फोटो चढतो आणि मग पुढचा हप्ता येतो. मध्ये रेती मिळत नाही, मिस्त्री दुसऱ्या कामावर जातो, लग्नसराई येते. म्हणून मिस्त्री दोन महिने म्हणाला तर मनात चार धरा आणि तात्पुरती चूल चार महिने टिकेल अशी मांडा.

कवेलू उतरवायच्या आधी

पहिली गोष्ट जागेची. बहुतेक जणी सांदवाडीत ताडपत्रीची छपरी घालतात आणि तिच्यातच चूल मांडतात. असं करू नका. झोपायची छपरी वेगळी, चूल वेगळी, मध्ये निदान दहा हात अंतर. उन्हाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक करून पश्चिमेचा असतो, म्हणून चूल छपरीच्या पूर्वेला बरी, म्हणजे ठिणगी छपरीकडे जात नाही. तुमच्या अंगणात घरांमुळे वारा वळत असेल, तर मूठभर कुटार उडवून पाहा आणि मग जागा ठरवा.

दुसरी गोष्ट जळणाची. आपल्याकडे पऱ्हाटी आणि तुराटी भरपूर. ती भुरकन पेटते आणि ठिणग्याही उडवते. पाडलेल्या घराच्या जुन्या विटा घेऊन चुलीच्या तीन बाजूंनी गुडघाभर आडोसा करा आणि आतून मातीनं लिंपा. वारा अडतो, जळण कमी लागतं आणि ठिणगी आतच राहते. जुन्या घराची लाकडं जाळायची घाई करू नका. सागवानाची बल्ली चौकटीला कामी येते. रंग दिलेलं किंवा उधळीचं औषध, काळं ऑइल लावलेलं लाकूड चुलीत घालायचंच नाही, त्याचा धूर छातीला वाईट.

आमच्या गटातल्या एका ताईकडे भावाची वाट पाहत दोन क्विंटल कापूस राहिला होता. घर पाडल्यावर तो छपरीत, चुलीपासून चार हातांवर रचला. एका संध्याकाळी वारा सुटला आणि पऱ्हाटीची ठिणगी गेली. शेजारी धावले म्हणून माणसं वाचली. कापूस गेला, ताडपत्री गेली आणि कापसाखाली ठेवलेल्या पेटीतली कागदंही गेली. बँकेचं पासबुक, जॉबकार्ड, पोरीची मार्कशीट. पुढचा हप्ता यायच्या वेळी तिला घराचं काम सोडून कागदं काढायला तालुक्याला चार खेपा माराव्या लागल्या.

म्हणून तिसरी गोष्ट. आधार, रेशनकार्ड, पासबुक, जॉबकार्ड, घरकुलाचा मंजुरी आदेश आणि मुलांची शाळेची कागदं प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवा, आणि ती पेटी बांधकाम होईपर्यंत भरवशाच्या पक्क्या घरी नेऊन द्या. कापूस, कुटार, कडबा चुलीच्या आसपास नको.

गॅस वापरत असाल तर सिलिंडर उभाच ठेवा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंच ठेवा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली जमिनीलगत साचतो. चारही बाजूंनी ताडपत्री बांधलेल्या छपरीत तो बाहेर जाऊ शकत नाही. एक बाजू खालपासून मोकळी सोडा.

चौथी गोष्ट पाण्याची. तराईचं पाणी वेगळं, पिण्याचं वेगळं. पिण्याचा माठ झाकून, उंचावर, सिमेंटच्या धुळीपासून दूर. तराईची टाकी आणि ड्रम आठवड्यातून एकदा रिकामे करून घासा, कारण डेंग्यूचा डास असल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. ज्या घमेल्यात सिमेंट कालवलं, त्यात पुन्हा पीठ-तांदूळ घ्यायचे नाहीत. ओलं सिमेंट कातडी खातं. हाताला लागलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा, आणि तसेच हात कणकेला लावू नका.

आता भांडी. बाहेर ठेवायचे दोन गंज, एक कढई, एक तवा, परात, कुकर आणि माणसागणिक एक ताट-वाटी. बाकी सगळं गोणीत बांधून ठेवा. भांडी कमी असली की घासणं कमी, आणि धुळीत राहणाऱ्या बाईला ती मोठी सुटका असते.

एका गंजात होणारं जेवण

बांधकामाच्या दिवसांत वरण, भात, भाजी, पोळी असा चौरस सैपाक रोज करायचा हट्ट सोडा. आपल्या आज्यांना शेतावर, जत्रेत, पाहुण्यांच्या गर्दीत एका भांड्यात पोटभर करता येत होतं. तेच आठवायचं.

पहिला आपला गोळाभात. हरभऱ्याच्या डाळीचा जाडसर भरडा दोन वाट्या घ्या. त्यात तिखट, मीठ, हळद, थोडा हिंग आणि तीन-चार चमचे गरम तेल घाला. पाण्याचा हबका मारून लिंबाएवढे घट्ट गोळे वळा. दोन वाट्या तांदळाचा भात गंजात अर्धवट शिजत आला, पाणी थोडं राहिलं, की गोळे वर ठेवा आणि झाकण घालून मंद आचेवर वाफ येऊ द्या. वीसेक मिनिटांत गोळा आतपर्यंत शिजतो. ताटात गोळा भातात कुस्करायचा, वरून लसणाची फोडणी आणि लिंबू. डाळ आणि भात एकाच गंजात झाले. पाच माणसांचं जेवण आणि घासायला एक गंज.

दुसऱ्या ज्वारीच्या कण्या. ज्वारी गिरणीवर जाडसर भरडून आणा आणि पीठ चाळून घ्या. एक वाटी कण्यांना चार वाट्या पाणी. पाण्याला उकळी आली की मीठ घालून कण्या सोडा आणि ढवळत राहा. ताक घालून खाल्ल्या की उन्हात काम करणाऱ्या माणसाला बऱ्या वाटतात. चाळणीखाली राहिलेल्या पिठाची भाकर होते, वाया काही जात नाही.

जळण वाचवायची एक युक्ती सांगते. कण्या किंवा तांदूळ दहा मिनिटं खळखळून उकळले की घट्ट झाकण लावून गंज चुलीवरून उतरवा. टोपल्यात तणस घालून, जुन्या गोधडीत गंज गुंडाळून त्यात बसवा आणि तासभर हात लावू नका. आतल्या उष्णतेवरच अन्न शिजतं. तेवढ्या वेळात तुमची एका भिंतीची तराई होते. फक्त एक लक्षात ठेवा, असं अन्न दिवसभर कोमट ठेवायचं नाही, शिजलं की खाऊन टाकायचं. उन्हाळ्यात ते लवकर आंबतं.

ज्या दिवशी चूल पेटवायलाच सवड नसेल, त्या दिवसासाठी सातूचं पीठ आधीच करून ठेवा. भाजलेले गहू आणि भाजलेली हरभऱ्याची डाळ दळून आणायची. गुळाच्या पाण्यात किंवा दुधात कालवलं की झालं, म्हाताऱ्या माणसालाही चालतं. पोरांना चार वाजता कच्चा चिवडा. मुरमुरे, कच्चं तेल, तिखट, मीठ, कांदा, फल्लीदाणे, वरून सांबार. आमच्या घरी समोशांची जागा याच कच्च्या चिवड्यानं घेतली, आणि पोरांनी महिनाभर कुरकुर केली नाही. जवसाची आणि फल्लीदाण्याची चटणी घर पाडायच्या आधीच भाजून, कुटून बरणीत भरून ठेवा. कोरडा चमचा वापरला तर ती दोन-तीन आठवडे सहज राहते, आणि भाकरीसोबत भाजी नसली तरी ताट रिकामं दिसत नाही.

शेवटी जेवणारी बाई

बांधकामावर बाई काय काय करते? विटा देते, रेती चाळते, सकाळ-संध्याकाळ तराई करते, मिस्त्री-मजुरांना चहा देते, सैपाक करते आणि सगळे जेवल्यावर उरलं तर खाते. एरवीही आपण शेवटी जेवतो, पण या दिवसांत अंगावर दुप्पट काम असतं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायांमध्ये रक्त कमी निघालं. अशा अंगावर विटांचं टोपलं आणि रिकामं पोट, म्हणजे चक्कर ठरलेली. आमच्या गटातली एक वहिनी भरलेली बादली घेऊन शिडीवरून उतरताना अशीच पडली. सकाळपासून तिनं दोन कप चहावर काढलं होतं. मनगट मोडलं आणि सव्वा महिना हात गळ्यात.

म्हणून एक नियम करा. सैपाक झाला की पहिलं ताट आपलं वाढून झाकून ठेवायचं. मग कितीही पाहुणे येवोत. जेवताना लिंबू पिळायचं, कारण डाळी-भाजीतलं लोह अंगी लागायला लिंबू मदत करतं. जेवणासोबत आणि जेवणानंतर लगेच चहा घ्यायचा नाही, तो उलटं काम करतो.

आणि मदत मागायला लाजू नका. आमच्या गटानं एक पद्धत घातली. गटातल्या ज्या बाईचं घर निघालं असेल, तिच्याकडे बाकीच्या जणींनी आठवडाभर आळीपाळीनं एक-एक दिवस भाजी पाठवायची. फक्त भाजी, वाटीभर जास्त शिजवून. देणारीला जड जात नाही. घेणारीला मात्र रोज संध्याकाळी कोणीतरी आपल्या दारी आलं असं वाटतं, दार नसलं तरी.

दार नसलेल्या घरातली सुखं

आता थोडं सुखाचंही बोलू. सहा महिने नुसते कण्हत काढायचे नसतात.

आमचं जोतं भरून झालं त्या संध्याकाळी मी त्यावर पाणी मारलं. ओल्या मुरमाचा वास सुटला. सासूबाई म्हणाल्या, "इथंच ताटं मांड." भिंती नाहीत, छत नाही, वर आभाळ, आणि आम्ही आमच्या बैठकीत बसून कण्या-ताक खाल्लं. पोरांनी चुन्यानं खोल्या आखल्या आणि त्यात भातुकली मांडली. शेजारची पोरं पाहुणी म्हणून यायची आणि दार कुठं आहे ते विचारून आत शिरायची. सासूबाईंनी त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या छपरीच्या गोष्टी सांगितल्या. दहा वर्षांत त्यांनी मला त्या सांगितल्या नव्हत्या, कारण एरवी त्या ओसरीत बसायच्या आणि मी आत चुलीपाशी. बाहेर चूल मांडल्यावर पहिल्यांदाच सैपाक करणारी आणि बोलणारी माणसं एका जागी आली.

स्लॅबच्या दिवशी मजुरांना जेवू घालायची आपल्याकडे रीत आहे. त्यासाठी कर्ज काढून मोठा बेत करायची गरज नाही. पळसाची नवी पानं तोवर मोठी झालेली असतात, तेव्हा पानगे करा. वीस माणसांना तीन किलो रवाळ कणीक, सव्वा किलो तुरीची डाळ आणि तीन किलो वांगी पुरतात. कणकेत मीठ आणि तेलाचं मोहन घालून घट्ट मळायचं, तळहाताएवढे जाड पानगे थापायचे, खाली-वर पळसाचं पान लावून गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचे. पान काळं पडलं की उलटायचे. पान सोलून काढलं की पानग्यावर शिरा उमटलेल्या दिसतात. गरम वरण, वांग्याची भाजी, चमचाभर तूप. भाजायचं काम पुरुषांना द्या, आनंदानं करतात.

भिंत खिडकीपर्यंत येण्याआधी बोला

आणि आता ज्यासाठी एवढं बोलले, ते सांगते.

उघड्यावर चार महिने सैपाक केला की आपल्याला खूप काही कळतं. वारा कुठून येतो, धूर कुठं जातो, दुपारी ऊन कोणत्या बाजूनं तापतं, किती उंचीवर काम केलं की कंबर दुखत नाही, पाण्याचा माठ किती पावलांवर हवा. ही माहिती मिस्त्रीकडे नसते, ग्रामपंचायतीकडे नसते, घरच्या पुरुषाकडेही नसते. ती फक्त आपल्याकडे असते, आणि आपण ती कोणाला सांगत नाही.

घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २७० चौरस फूट असतं. आधी ते २० चौरस मीटर होतं. वाढवताना त्यात स्वच्छ सैपाकाची जागा धरलेली आहे. म्हणजे सैपाकघर ही कोणाची मेहरबानी नाही, ते नियमातच आहे. योजनेत घर नवरा-बायको दोघांच्या नावानं किंवा बाईच्या नावानं द्यायचं धोरण आहे. मग ओटा कुठं हवा हे आपण सांगायचं नाही तर कोणी?

१९९३ च्या सप्टेंबरात लातूर-किल्लारीकडे भूकंप झाला. त्यानंतरच्या घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या कामातून गावोगावच्या बायांना 'संवाद सहायक' नेमलं होतं. पक्कं घर कसं बांधायचं ते त्या शिकल्या, बांधकामावर लक्ष ठेवलं आणि लोकांचं म्हणणं अधिकाऱ्यांपर्यंत नेलं. आपल्यासारख्याच बाया होत्या त्या.

तर जोतं झालं की एक दिवस मिस्त्रीला थांबवा आणि चार गोष्टी सांगा. एक, सैपाकघराची खिडकी वाऱ्याच्या बाजूला आणि तिच्यासमोर हवा बाहेर जायला दार किंवा दुसरी खिडकी. दोन, चूल ठेवणार असाल तर तिच्या वर, छताजवळ धूर जायला जाळी. तीन, ओट्याची उंची. सरळ उभं राहून कोपरातून हात वाकवा, कोपराच्या पाच-सहा बोटं खाली ओटा. घरात सैपाक करणाऱ्या बाईचं माप घ्या, शेजारच्या घराचं नको. चार, मोरीचा उतार बाहेरच्या बाजूला आणि माठाला ओट्याजवळ कट्टा. भिंत कमरेएवढी होण्याआधी हे सांगितलं तर एक पैसा जास्त लागत नाही. नंतर सांगितलं तर भिंत फोडावी लागते, आणि मग उत्तर येतं, "आता चालू दे तसंच." आपल्या गावात कितीतरी पक्क्या घरांत बाया धुरात बसून सैपाक करतात, त्या याच उत्तरामुळे.

मी सांगितलं तेव्हा मिस्त्री म्हणाला, "ताई, खिडकी इकडं कोणी ठेवत नाही." मी त्याला चुलीपाशी नेलं, मूठभर कुटार उडवून दाखवलं. तो पाहत राहिला आणि म्हणाला, "बरं, सरकवतो."

आज त्या खिडकीतून वारा येतो. अंगणात ते तीन दगड अजून आहेत, सासूबाईंनी उचलू दिले नाहीत. आठवड्यातून एकदा त्यावर भाकरी होतात आणि आम्ही सगळे बाहेर बसून जेवतो. तुमच्या गटात कोणाचं घर निघालं असेल, तर आज संध्याकाळी वाटीभर भाजी घेऊन जा. भिंत कुठवर आली तेही पाहून घ्या. कमरेच्या खाली असेल तर अजून वेळ गेलेली नाही.

येते मी. नमस्कार.